एका युनिटात वेताळ टेकडी

जुलैअखेरीला पुण्यात कुणाशीही बोलायला लागा, पाच मिनिटांत क्युसेक निघतातच. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, कट्ट्यावरचे आजोबा, सगळ्यांना खडकवासल्यातून किती पाणी सोडलंय ते तोंडपाठ असतं. "सकाळपेक्षा वाढवलंय म्हणे, भिडे पूल गेला असणार पाण्याखाली." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल कोण जाणे, पण आकडा ऐकला की नदीपात्रातल्या रस्त्यावरची गाडी हलवायची की नाही हे प्रत्येकाला कळतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलेलं ज्या गावानं पाहिलं, त्या गावात धरणाचा आकडा नुसता पेपरात छापण्यापुरता राहत नाही.

मला आमच्या गावाची ही मोजायची सवय फार आवडते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं, त्या चौकाला लोक आजही सिमला ऑफिसच म्हणतात. खडकवासल्याला धरणाखाली सीडब्ल्यूपीआरएस ही पाण्यावर संशोधन करणारी संस्था आहे, १९१६ पासूनची. तिथं धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांतून खरं पाणी सोडून बघतात. नारायणगावच्या पुढे खोडदला आणि आसपासच्या गावांत रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. आणि आमच्या वेताळ टेकडीच्या अंगावर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय आहे, जिथं देशभरातल्या गाड्या तपासल्या जातात. गाडीच्या जाहिरातीत ॲव्हरेजचा जो आकडा असतो, तो पुष्कळदा ह्या टेकडीवरून आलेला असतो. सकाळी फिरायला जाणारे लोक तर टेकडीलाच एआरएआय म्हणतात.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. घरी एक व्हर्निअर कॅलिपर होता, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा, लाकडी पेटीत, खाली निळं मखमल. आम्हा भावंडांना तो हाताळायला मिळायचा. अट एकच, काम झालं की पुसायचा आणि जबडे किंचित उघडे ठेवून पेटीत ठेवायचा. पेन्सिलीची जाडी, आजीच्या बांगडीचा व्यास, पाच रुपयांचं नाणं, जे हाताला लागेल ते आम्ही मोजायचो.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक डायरी असायची. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. आकडा पडला की रविवारी सकाळी आधी चाकांची हवा बघायची, मग प्लग, मग कार्ब्युरेटर. ती डायरी आता माझ्याकडे आहे. त्यात एका ओळीत लिहिलंय, ‘दिवे घाट, आई मागे, ३८.’ आजीला जेजुरीला घेऊन गेल्याचा अख्खा दिवस त्या ओळीत आहे. घाट चढताना स्कूटर कशी दमली असेल, वर थांबून दोघांनी पाणी प्यायलं असेल, आजीनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला असेल, हे सगळं मला त्या ३८ मधून दिसतं. एरवी त्याच पानावर ४५, ४६, ४४ असे आकडे आहेत.

माझं घर गॅजेट्सनी भरलेलं आहे. कामही कॉम्प्युटरवरच, हिंजवडीला, त्यामुळे लोकांना वाटतं की नवीन आलेलं प्रत्येक काहीतरी मी उचलतोच. तसं नाही. गेल्या काही वर्षांत माझी एक चाळणी तयार झाली आहे. जे यंत्र मला आधी दिसत नव्हतं असं काही दाखवतं, ते राहतं. जे नुसतं माझ्याकडून बटणं दाबून घेतं, ते वर्षभरात माळ्यावर जातं. बोलणारा स्पीकर माळ्यावर गेला. आवाजानं दिवा लावण्यात मला कधी गोडी वाटली नाही, भिंतीवरचं बटण दोन पावलांवर आहे.

राहिलेल्यांतलं एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा. बाहेरच्या हवेत तो ४२० ते ४३० च्या आसपास दाखवतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग. डिसेंबरात आम्ही डासांपायी आणि थंडीपायी खिडक्या लावून झोपतो. पहाटे उठून पाहिलं तर १८००. बायको कितीतरी हिवाळे म्हणत होती की सकाळी डोकं जड होतं, झोप झाल्यासारखी वाटत नाही. आम्ही ते उशीवर, कामाच्या ताणावर, चहाच्या वेळेवर ढकलत आलो होतो. आता खिडकीला जाळी बसवली आहे आणि चार बोटं उघडी ठेवतो. आकडा ९०० च्या वर जात नाही, आणि तिची तक्रारही थांबली. हा डबा मी कुणाच्याही घरी नेऊन ठेवायला तयार असतो. नात्यातल्या दोघांकडे त्याचा मुक्काम होऊन आलाय.

दुसरं म्हणजे टीव्हीच्या मागे ठेवलेला जुना लॅपटॉप. स्क्रीन तडकली म्हणून तो बाद झाला होता. त्यावर लिनक्स चढवलं, आता तो घरचा सर्व्हर आहे. सगळ्यांचे फोटो, बाबांच्या डायरीची स्कॅन केलेली पानं, घरभरच्या सेन्सरांचे आकडे त्यावर जमा होतात. साधारण १० वॉट खातो, म्हणजे दिवसाला पाव युनिट. शेजारचा सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केल्यावरही जवळजवळ तेवढंच खात होता, आणि तेही काहीही न करता. आता त्याला भिंतीवरच्या बटणानंच बंद करतो.

गेल्या वर्षी गाडी घेतली. इलेक्ट्रिक, हिरव्या पाटीची. ती घरी आल्यावर शेजारपाजारच्या प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला जो बाबांना स्कूटरबद्दल विचारत, "ॲव्हरेज किती देते?" स्क्रीनवर आकडा येतो वॉट-तास प्रति किलोमीटर असा. बाबांनी तो एकदा पाहिला आणि म्हणाले, "हे उलटं आहे. एका युनिटात किती किलोमीटर ते सांग." शहरात सात-साडेसात, म्हटलं. त्यांनी नवीन डायरी काढली. रकाने जुनेच, फक्त लिटरच्या जागी युनिट.

ह्या गाडीनं मला जे दाखवलं ते मी चाळीस वर्षं इथं राहूनही नीट पाहिलं नव्हतं. पुणं किती चढउतारांचं आहे! स्क्रीनवर एक काटा असतो. गाडी वीज ओढत असली की तो उजवीकडे जातो, वीज परत बॅटरीत येत असली की डावीकडे, हिरव्या पट्ट्यात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटरचं काम करायला लागते, चाकांचा वेग तिच्यात विजेच्या रूपानं उतरतो. पेट्रोलच्या गाडीत उतार आला की आपण फक्त खूश होतो. इथं उतार हिशेबात जमा होतो.

नळस्टॉपहून पौड रोडनं घरी जाताना काटा सतत उजवीकडे असतो. कोथरूड डेपोच्या पुढे चांदणी चौकाकडे तर चांगलाच. मी कॉलेजात असताना हाच रस्ता सायकलवरून चढायचो आणि पायांना ते माहीत होतं, पण मधल्या काळात स्कूटर, मग मोटरसायकल, मग पहिली गाडी आली आणि पाय विसरले. डेक्कनकडे निघालं की तोच रस्ता फुकट. पाषाणहून चतुःशृंगीकडे येताना मध्येच एक छोटा चढ आहे, तो मला आजवर कधी जाणवलाच नव्हता. लॉ कॉलेज रस्ता सपाट वाटतो, तो सपाट नाही. सगळं शेवटी मुठेकडे उतरतं. पावसाचं पाणी हे आधीपासून जाणून आहे, माझ्यापर्यंत ते आत्ता पोचलं.

एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. गाडीचं वजन माणसं धरून साधारण दीड टन. भागाकार केला तर एका युनिटात ही गाडी २४५ मीटर सरळ वर उचलता येते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० वर. म्हणजे एका युनिटची ताकद दीड टनाची गाडी शहरातून उचलून थेट वेताळाच्या देवळापाशी नेऊन ठेवण्याएवढी आहे! आम्ही महिन्याच्या बिलावर ज्याचे काही रुपये मोजतो, पंखा चालू ठेवून बाहेर जाताना ज्याचा विचार करत नाही, ते हे युनिट. हा हिशेब मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दाखवला. त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं परत केला, किलोग्रॅम-मीटर धरून, आणि उत्तर तेच आलं तेव्हा चश्मा काढून टेकडीच्या दिशेच्या खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि गीझर तासभर चालू राहतो आपला."

खंडाळ्याचा घाट उतरताना हे सगळं मोठ्या आकड्यात दिसतं. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार, म्हणजे गणितानं सव्वादोन युनिट. हवेचा रोध, टायरांचं घर्षण, मोटरचं स्वतःचं नुकसान हे सगळं वजा जाऊनही बॅटरीची टक्केवारी घाटात वाढते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडीत सगळे गप्प बसून तो आकडा वाढताना पाहत होते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि मग पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी रोखली जात नाही. लोणावळ्याला शिगोशीग चार्ज करून घाटात उतरायचं नाही, हे आमच्याकडे आता बाबांच्या डायरीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं आहे.

हिरव्या काट्याचा विचार करताना मला एक जागा टाळता येत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. आमची गाडी तिथं मजेत वीज गोळा करत उतरते. त्याच उतारावर किती अपघात झाले हे पुण्यात कुणालाही सांगायला नको. चाळीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरतो तेव्हा जवळपास ११ युनिट ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ट्रक गिअरमध्ये असेल तर त्यातली बरीचशी इंजिन रोखून धरतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकला तर ती सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन उतरते, लायनर तापतात, आणि पुलाजवळ पोचेपर्यंत ब्रेक धरायचेच बंद होतात. ड्रायव्हरच्या समोर ही ऊर्जा दाखवणारा काटा नसतो. बरेचदा त्याला वाचवलेल्या डिझेलचाच हिशेब द्यायचा असतो मालकाला. मला वाटतं, तिथं ‘वाहने सावकाश चालवा’ ह्या पाटीच्या जोडीनं एक पाटी असावी जी त्याला सांगेल की तुझ्या ब्रेकवर आत्ता किती ओझं आहे, आकड्यात. त्या उताराखाली माणसं गेली आहेत. तिथून जाताना माझा वीज जमवण्याचा आनंद दर वेळी निम्म्यावर येतो.

ह्या गाडीनं दाखवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तर रस्त्यावर नव्हतीच, आमच्या पार्किंगमध्ये, जमिनीखाली होती.

गाडी येणार म्हणून मी आधीच पॉइंट काढून घेतला होता. आमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत तांब्याची जाड वायर, जास्त भार आला की पडणारी स्वतंत्र एमसीबी, वीज कुठं गळली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, औद्योगिक सॉकेट. सगळं सामान तापकीर गल्लीतून आणलेलं. तिथल्या दुकानदाराला नुसतं "गाडीसाठी" म्हटलं तरी तो आधी विचारतो, "मीटर कुठं, गाडी कुठं, मधे किती मीटर?" आणि मगच वायर काढतो. गाडी आली, संध्याकाळी पहिल्यांदा केबल लावली. केबलच्या मधल्या डब्यावर हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि लाल झाला. परत लावली, परत लाल. घरात त्याच मीटरवर फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं व्यवस्थित चालू होतं.

सकाळी वायरमन आला. साठीचा असेल, बोलणं कमी. त्याच्या पिशवीत होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला शंभर वॉटचा साधा बल्ब होता. मीटरपाशी उकिडवा बसून, आरसीसीबीच्या अलीकडे, त्यानं एक वायर फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली. बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगच्या, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या, पट्टीला टेकवली. बल्बच्या आतली तार नुसती लालसर झाली, निखारा विझताना होतो तेवढीच. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी बरोबर आहे साहेब. बिल्डिंगला अर्थिंगच नाही."

म्हणजे होतं, पण कुठं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. इमारत जुनी. कधीतरी पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा अर्थिंगचा खड्डा त्याखाली गाडला गेला. पूर्वी सोसायटीचे वॉचमन मामा उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे, हे पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकांना आठवत होतं. खड्डा जिन्याच्या कडेला, जुन्या पेरूच्या झाडाजवळ होता, हेही त्यांनाच. झाड आता नाही, पण काकांनी काठीनं दाखवलेल्या जागी ब्लॉक उचकटले आणि फूटभर खणल्यावर लोखंडी पाइप लागला. हातात घेतला तर वरचा तुकडा पापडासारखा तुटून आला. खाली कोळसा आणि मीठ टाकलं असेल त्याचा मागमूसही नव्हता, नुसती कोरडी माती.

नवीन खड्डा झाला. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती ओल धरून ठेवणारी पावडर, वर झाकण, झाकणावर रंगानं लिहिलेलं ‘अर्थ’. वायरमननं परत बल्ब लावला. ह्या वेळी तो फेज-अर्थमध्येही तसाच लख्ख पेटला आणि जिन्यात जमलेल्या दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. मीटरवर रोध दोन ओहमच्या आत आला होता. गाडीची केबल लावली, हिरवा.

त्यानंतर आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू घरी आल्या. त्यांच्या फ्रिजच्या हँडलला ओल्या हातानं धरलं की झिणझिण्या यायच्या. वर्षानुवर्षं त्या स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालूनच फ्रिज उघडत. सुनेला, नातवाला, कामाच्या बाईंना सगळ्यांना तशीच सवय लावली होती. "आता येत नाहीत रे," म्हणाल्या, "मी मुद्दाम चप्पल काढून बघितलं." मला त्या क्षणी पोटात गोळा आला. सोळा घरं, गीझर, वॉशिंग मशीन, लहान मुलं, आणि खाली गंजून तुटलेला एक पाइप. इतकी वर्षं सगळं चालत होतं म्हणून कुणी विचारलं नाही. गाडीनं विचारलं, कारण तिच्या चार्जरमध्ये अर्थिंग तपासल्याशिवाय वीज घ्यायचीच नाही असं कुणीतरी शहाणपणानं लिहून ठेवलंय. ते लिहिणाऱ्या अनोळखी इंजिनिअरचे मी मनापासून आभार मानतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, गाडी घ्यायची असो वा नसो, एकदा वायरमनला बोलावून तो बल्ब लावून बघा.

अशा यंत्रावर माझा जीव जडतो. म्हणूनच तीच गाडी जिथं माझ्यापासून लपवते तिथं मला राग येतो.

तिच्यात सिमकार्ड आहे. मी कुठं गेलो, किती जोरात ब्रेक दाबला, किती वाजता चार्जिंग लावलं हे कंपनीच्या सर्व्हरवर जातं. पण बॅटरीची तब्येत, म्हणजे नवी असताना जेवढी वीज मावायची त्यातली आता किती टक्के मावते, हा आकडा माझ्या स्क्रीनवर नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर मिळालं, "आम्हाला दिसतं, पण कस्टमरला देत नाही." गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या वस्तूचा, तिचाच आकडा मालकाला नाही. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण बॅटरीची तब्येत मालकाला दाखवलीच पाहिजे असं म्हणणारा नियम व्हायला हवा. उद्या ही गाडी कुणाला विकायची झाली तर घेणारा काय बघून घेणार? टायर आणि रंग?

मी मग तापकीर गल्लीतून एक ब्लूटूथ डोंगल आणला, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला, आणि फोनवर एकेका सेलचं व्होल्टेज वाचायला लागलो. त्यातून एक सुंदर गोष्ट कळली. ह्या गाडीतल्या सेलमध्ये लोह आणि फॉस्फेट आहे. असा सेल बराचसा भरलेला असो की बराचसा रिकामा, व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपासच रेंगाळतं. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून किती टक्के उरले हे सांगणं कठीण. गाडी आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहते आणि त्यावरून टक्केवारीचा अंदाज बांधते. अंदाजात चूक साचत जाते, आणि अधूनमधून बॅटरी पूर्ण भरली की मगच ती निघून जाते. पुस्तिकेत ‘ठरावीक काळानं १०० टक्के चार्ज करा’ एवढीच ओळ होती. का, ते नव्हतं. कारण कळल्यापासून आमच्या घरात ती सूचना कुणी विसरत नाही.

आणि एक राग आहे जो पुणेकर म्हणून आहे. पेनड्राइव्हवर मी जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं भरून लावली, नावं अर्थातच देवनागरीत. स्क्रीनवर पंडित भीमसेन जोशींच्या जागी चौकोनांची रांग. एका अपडेटनंतर अक्षरं उमटली, पण ‘ललित’ मधली वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर आणि ‘मारवा’ तेवढा धड, जोडाक्षराचं प्रत्येक नाव तुटलेलं. १९८८ मध्ये सी-डॅक हे संगणक-संशोधन केंद्र पुण्यात उभं राहिलं. परम ८००० हा महासंगणक १९९१ चा. भारतीय लिपी संगणकावर आणणाऱ्या जिस्ट ह्या तंत्रज्ञानाचं काम ह्याच शहरात वाढलं, आणि युनिकोडमधल्या देवनागरीचा पाया इस्की ह्या भारतीय प्रमाणावर घातला गेला. ज्या कामाला इतकी वर्षं झाली ते, भारतात विकायच्या गाडीत, अजून नीट घालता येत नाही? मी दर अपडेटनंतर त्यांना स्क्रीनचा फोटो आणि नेमकं काय चुकतंय ते लिहून पाठवतो. वेलांटी कुठं हवी, रफार कुठं हवा, बाण काढून. ते दुरुस्त होईपर्यंत पाठवत राहणार आहे.

सध्या मात्र सगळं लक्ष सोसायटीवर आहे. गाडीमागोमाग आणखी दोघांनी इलेक्ट्रिक गाड्या बुक केल्या आणि एकदम प्रश्न आला, इमारतीच्या मुख्य केबलला हे झेपेल का? प्रत्येक गाडी तीन किलोवॉट, वर गीझर, एसी, लिफ्ट, पाण्याचा पंप. बोलणी सुरू झाली ती थेट भांडणाच्या सुरात. तेव्हा मी सेक्रेटरींची परवानगी घेऊन, वायरमनकडून, मुख्य केबलच्या तिन्ही फेजवर करंट मोजणाऱ्या कड्या बसवून घेतल्या. त्यांचे आकडे टीव्हीमागच्या लॅपटॉपवर येतात. आलेख पहिल्या आठवड्यातच बोलका झाला. सकाळी सहा ते आठ गीझरांचा डोंगर, संध्याकाळी सात ते दहा दुसरा, आणि रात्री अकरानंतर जवळजवळ मैदान. तीन गाड्या काय, रात्री पाचही बसतील. अडचण एकाच ठिकाणी आहे. तिन्हींपैकी आर ह्या फेजवर जास्त घरं टाकलेली आहेत, आणि पहाटे पाणी आलं की पंप सुरू होतो तेव्हाच पहिले गीझर लागतात.

बाबा ह्या आलेखाचे छापील कागद पट्टी लावून वाचतात. पंपाची वेळ बदलावी ही सूचना त्यांचीच. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथं तेच बोलणार आहेत, मी फक्त कागद धरणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काल जिन्यातच गाठून विचारलं, "पंप अर्धा तास आधी लावला तर माझ्या नळाला सहाला पाणी येईल ना रे?" येईल, काकू. टाकीचा सेन्सर आठवड्यापासून लावलाय, पावणेसहालाच भरते.